दोन तांबे पाणी

बातमी आणि बैल या दोन गोष्टी दात बघितल्याशिवाय घरात घेऊ नयेत, असं चुडामण आबा सांगत. गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी नांदवण गावात एकही खोटी बातमी शिरू दिली नव्हती, हे सगळं गाव मानत असे. खऱ्या किती अडवल्या याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नव्हता. महाराष्ट्र राज्य झालं ते मेच्या एक तारखेला. आबांनी ते पोळ्याच्या सुमारास मंजूर केलं. तोपर्यंत गाव जुन्याच राज्यात राहिलं आणि त्यावाचून कोणाचं काही अडलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या चैत्रात आला, तेव्हा आबांच्या दाराशी पारखायला फारसं काही उरलं नव्हतं. गुरं छावणीत होती. विहिरीच्या तळाशी चिखल होता, त्यावर पोपडे आले होते. मुलगा पंडित आणि सून ताईबाई सकाळी सहाला खडीच्या कामावर जात. गावाबाहेर कोसभर अंतरावर, फाट्याजवळ, सरकारने रस्ता काढला होता. तो कुठे जाणार होता, हे त्यावर खडी फोडणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळे. संध्याकाळी ताईबाई घरी येई तेव्हा तिच्या पापण्या दगडाच्या भुकटीने पांढऱ्या झालेल्या असत आणि उजव्या हाताची बोटं हातोडीचा दांडा सोडल्यावरही तशीच वळलेली राहत. ती सरळ करायला सासू यशोदाबाई गरम राख फडक्यात बांधून देई.

पाण्याचा टँकर एक दिवसाआड धुळ्याहून येई. दुपारी दोनला फाट्यावर रिकामा होई आणि परत जाई.

त्या बुधवारी टँकरचा दिवस होता, म्हणजे घरात पाणी सर्वांत कमी असण्याचा दिवस. ऊन माथ्यावर होतं. आबा लिंबाखाली बसले होते, यशोदाबाई उंबऱ्यात डाळ निवडत होती. अंगणाच्या कडेला एक माणूस येऊन थांबला. आत आला नाही.

"कोन रे?" आबांनी विचारलं.

"मी वना, आबा. सोनगीरना."

वना म्हणजे ताईबाईच्या वडिलांचा, धनसिंग पाटलांचा सालदार. वीस वर्षं त्याच घरात होता. डोक्याचं फडकं सुटून गळ्यात आलं होतं आणि ओठांवर पांढरे पापुद्रे होते.

"तठे कसाले उभा? ये आठे."

वना हलला नाही. "बापू गया, आबा."

यशोदाबाईच्या हातातलं सूप कलंडलं. आबांनी हात वर करून तिला थांबवलं. बातमी अजून दात दाखवायची होती.

"कोनता बापू?"

"आमना. धनसिंगबापू."

"कव्हय?"

"रातले. छातीमा कय उनी आनि गया."

"तू देखं?"

"मना डोयासनी देखं, आबा."

इथे आबांच्या कपाळावरच्या आठ्या मोकळ्या झाल्या. हे वाक्य त्यांनी ओळखलं. ते त्यांचंच होतं.

तीन वर्षांपूर्वी, ज्वारीच्या खळ्यावर, एका कावळ्याने चुडामण आबांच्या डोक्याला पाय लावला होता. कावळा डोक्याला शिवला तर माणूस वर्षाच्या आत जातो. त्यावर उपाय एकच. आपण मेल्याची बातमी आपल्याच माणसांना पाठवायची. ती रडली की आलेलं मरण त्या रडण्यावर भागतं आणि परत फिरतं. मात्र रडणं खरं हवं, म्हणून बातमी खोटी असल्याचं ऐकणाऱ्याला कळता कामा नये. ते तिसऱ्या दिवशी कळवायचं. आबांनी गावचा न्हावी उखर्डू याला सोनगीरला धाडलं होतं आणि त्याला दोन दिवस तालीम दिली होती. अंगणात शिरू नको. 'मना डोयासनी देखं' असं सांग. आणि मुख्य म्हणजे, कितीही आग्रह झाला तरी पाणी पिऊ नको, कारण मरणाची बातमी आणणारा त्या घरचं पाणी पीत नसतो. उखर्डू पाणी प्यायला नाही. धनसिंग पाटलांनी ती बातमी उभ्याउभ्याच घेतली आणि उभ्याउभ्याच निघाले. दात पाहत बसले नाहीत.

धुळ्यापर्यंत त्यांना बैलगाडी मिळाली. तिथून आठ कोस ते पळत आले. गल्लीच्या तोंडापासून त्यांचा हंबरडा ऐकू येत होता. आत आले तर आबा कळण्याची भाकर आणि ठेचा खात बसले होते. ओट्यावर गाव जमलं होतं, ते हसलं. धनसिंग पाटील ओट्याच्या कडेला बसले आणि आपल्या पायांकडे बघत राहिले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वहाणा घरीच राहिल्या होत्या. एका अंगठ्याचं नख निघालं होतं.

"याही," ते म्हणाले, "तुमी मरनात ते मी उघडा पाये पयत उनू. आते मनी बारी उनी का तुमी बी पयत या."

यावर गाव आणखी हसलं. आबाही हसले. पण व्याह्याने बोललेली गोष्ट माणूस विसरत नाही, आणि आबा तर कुठलाच पुरावा विसरत नसत.

तेव्हा आता, अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या वनाकडे बघून, त्यांनी बायकोला शांतपणे सांगितलं, "पानी आन त्याले."

"नको, आबा," वना म्हणाला.

आबा चमकले. हा मुद्दा वनाच्या बाजूने गेला होता. पण पारखणारा एका दातावर थांबत नाही.

यशोदाबाईने तांब्या आणला. माठ तिरका करून भरलेला. तो तिने वनापासून हातभर अंतरावर दगडावर ठेवला. वनाने मान वळवली. पाण्यावर लिंबाचं एक पान पडलं होतं, ते हळूहळू फिरत होतं. वना त्याच्याकडे बघत होता.

"पे रे," आबा म्हणाले. "ऊन शे."

वनाने तांब्या उचलला. तोंडाला न लावता वरून धार धरली आणि श्वास न घेता संपवला. गळ्याची घाटी वरखाली होत राहिली. यशोदाबाईने दुसरा आणला, माठातला शेवटचा. तोही तो प्यायला. तळाशी राहिलेलं घोटभर पाणी त्याने आधी उजव्या पायावर आणि मग डाव्या पायावर ओतलं.

"ताईबाईले धाडा, आबा. सांजलगून ठेवतीन. तिनी तोंड देखाले पाहिजे. टँकरवर जासूत, मी तिले लई जास."

"तू हो पुढे," आबा म्हणाले. "आमी येतस."

वना फाट्याकडे गेला. यशोदाबाईच्या तोंडाला पदर होता. "पोरना बाप शे तो," ती म्हणाली. "तिले सांगा पयले."

"सांगसू. पन बातमी खोटी शे."

"खोटी?"

"कावळानी शे. याही मनावर डाव उलटाई राहिना." मग त्यांनी तिला तर्क समजावून दिला. उखर्डूने खोटी बातमी नेली आणि पाणी टाळलं, म्हणजे पाणी न पिणारा खराही असू शकतो आणि पढवलेलाही. पण जो प्यायला, तो खरा असूच शकत नाही. रीतच तशी आहे. सोनगीरवाल्यांनी माणूस पढवला, पण शेवटचा धडा अर्धवट राहिला.

तर्कात खोट नव्हती. यशोदाबाईने ती शोधलीही नाही. एवढंच म्हणाली, "ऊन कसं शे, देखं का तुमी?" आणि वनाने ठेवलेला तांब्या उचलून राखेने घासायला बसली. खूप वेळ घासत होती.

आबा उन्हातून खडीच्या कामावर गेले. बायका रांगेने बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे आपापला ढीग. ताईबाईने एका हाताने दगड धरला होता आणि दुसऱ्याने घाव घालत होती. सासऱ्यांना कामावर आलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिची हातोडी वरच थांबली.

"कोन गयं?" तिने विचारलं.

"कोनी गयं नही. सोनगीरहून वना उन्हा व्हता. तुना बाप गया म्हने. पन ती खोटी शे, मी पारखेल शे."

असं वाक्य उलटंसुलटं कसंही सांगितलं तरी ऐकणाऱ्याला त्यातला एकच भाग ऐकू येतो. ताईबाईच्या हातातली हातोडी खाली आली ती दगडावर नाही, ढिगात. शेजारच्या बायका थांबल्या. पंडित पलीकडून घमेलं टाकून आला. आबांनी सगळं पुन्हा सांगितलं. कावळा, व्याह्याचं बोलणं, दोन तांबे.

"नक्की खोटी ना, आबा?" पंडितने विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती, आणि ती नुसती सासऱ्याच्या जिवासाठी नव्हती. चारला साहेब हजेरी तपासायला येणार होते. जागेवर नसलेल्याचं नाव कटणार, असं मुकादमाने सकाळीच ओरडून सांगितलं होतं. नाव लागावं म्हणून चाळीस माणसं रोज बाभळीखाली येऊन बसत. आताही बसली होती आणि इकडेच बघत होती.

ताईबाई उठली. लुगड्यावरची भुकटी झटकली.

"आबा," ती म्हणाली, "वनादादाना पायमा वहाना व्हत्यात का?"

आबांनी आठवून पाहिलं. पायांवर ओतलेलं पाणी आठवलं. टाचेला भेगा होत्या आणि त्यांत धूळ काळी झाली होती.

"नही," ते म्हणाले. "गरीब मानूस. त्याले वहाना कथाइन येतीन?"

"बापूनी दिवाळीले लई दिध्यात. नव्या. तो त्या पायमाईन काढस नही. झोपाले बी नही."

आबांनी तेही जमेत धरलं. मग म्हणाले, "पढवेल व्हई. मी उघडा पाये गयथू ते ध्यानमा धरं त्यासनी." उघड्या पायांनी आबा गेले नव्हते, धनसिंग पाटील आले होते; पण हे दुरुस्त करायला कोणी पुढे झालं नाही.

"मी जास," ताईबाई म्हणाली आणि फाट्याच्या दिशेने चालू लागली.

आबांनी तिला अडवलं नाही. त्यांना आणखी एक साक्ष हवी होती. साक्ष फाट्यावरच होती. रुपचंद शेठचं किराणा दुकान तिथे होतं, त्याचा साडू सोनगीरला दुकान करी आणि दर आठवड्याला कार्ड टाकी. आबा सुनेच्या पुढे जाऊन दुकानाची पायरी चढले.

"शेठ, सोनगीरनी काही खबर?"

"आत्ताच टपाल आलं की," रुपचंद म्हणाला आणि पोत्यावरून कार्ड उचललं. चष्मा कपाळावरून खाली घेतला. "अठे सब राजीखुशी है... भाव... भाव... हां, हे तुमचंच. धनसिंग पाटील काल दुकान पर आयो, आखाजी सारू गूळ ले गयो, बेटी आसी बोल्यो." चष्मा वर गेला. "तुमच्या सुनेसाठी गूळ घेऊन ठेवलाय व्याह्यांनी. दुष्काळात. नशीब लागतं."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. आखाजी तीन आठवड्यांवर होती.

आबांनी कार्ड मागून घेतलं. बाहेर टँकर रिकामा झाला होता, पाइपातून शेवटचे थेंब पडत होते आणि त्यांच्याखाली चार बायका घागरी धरून भांडत होत्या. वना टपावर चढून बसला होता. ताईबाई चाकाशी उभी होती. तिचा एक हात लोखंडाच्या कडीवर होता.

"हाई देख," आबा म्हणाले. "लिखेल शे. मरेल मानूस गूळ लई जास का?"

ताईबाई चौथीपर्यंत शिकली होती, पण अक्षर मोडीसारखं वाकडं होतं आणि तिचे डोळे भुकटीने भरले होते. 'धनसिंग' तिला वाचता आलं. 'गूळ' वाचता आलं.

"कव्हयनं शे?" तिने विचारलं.

"आजच उनं."

वना वरून म्हणाला, "ताई, चाल." आपली बातमी खरी आहे हे पटवायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. "बैठना है तो बैठो, बाई."

रस्त्याच्या पलीकडून मुकादम रजिस्टर काखेत धरून ओरडला, "कोण आहे ती? ताईबाई पंडित? साहेब आले आणि जागा मोकळी दिसली, तर मग रडत येऊ नका माझ्याकडे!"

ताईबाईने कडी सोडली. मुकादमाला घाबरून नाही, सासऱ्यांचा तर्क पटला म्हणूनही नाही. बाप जिवंत असावा, गूळ आणून ठेवलेला असावा, असं तिला वाटत होतं. पुराव्यात ही गोष्ट धरत नाहीत. वजन मात्र तिचंच सर्वांत जास्त असतं.

टँकर गेला. वना मागे वळून बघत होता, धूळ मध्ये येईपर्यंत.

साहेब त्या दिवशी आले नाहीत.

संध्याकाळी यशोदाबाईने चूल पेटवली नाही. का, ते तिने सांगितलं नाही. सूर्य टेकडीला टेकला तेव्हा ताईबाई ओट्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसली होती. सोनगीर पूर्वेला होतं.

"रड, माय," सासू तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "खोटी असनी तरी रड. कावळाना करता तरी रड. तू रडनी नही ते उतारा लागाव नही."

"कशी रडू?" ताईबाई म्हणाली. "आबा म्हनतस, खोटी शे."

आबा आतून ऐकत होते. आपण बातमी खोटी ठरवून तिच्यातला उताराच काढून टाकला, हे त्यांना तेव्हा प्रथमच उमगलं. खरी असली तर सून गेली नाही. खोटी असली तर सून रडली नाही. दोन्हीकडून व्याही मरत होता. ते अंथरुणावर उठून बसले, पुन्हा आडवे झाले. अंगणात, वना उभा होता त्या जागी, पायांवरून ओघळलेल्या पाण्याचा डाग केव्हाच वाळला होता, पण कोंबड्या तिथे चोच मारत होत्या.

तिसऱ्या दिवशी सोनगीरहून खुलाशाचा निरोप यायला हवा होता. आला नाही. "टपाल हळू शे," आबा म्हणाले. चौथ्या दिवशी म्हणाले, "याही हट्टी शे. माले तरसाडी राहिना." गावात कोणी विचारलं नाही, आबांनी पारखलेली गोष्ट विचारायची नसते. पण ओट्यावर माणसं येईनाशी झाली. उखर्डू दाढीला आला तेव्हा वस्तऱ्याला धार लावताना आबांच्या डोळ्यांकडे बघत नव्हता.

ताईबाईचा ढीग रांगेत सर्वांत मोठा होऊ लागला. डोळ्यांतून पाणी येई तेव्हा ती 'भुकटी गेली' म्हणे. मुकादमाने तिचं उदाहरण इतरांना दिलं.

सहाव्या दिवशी तिने वळचणीला खोचलेलं कार्ड काढलं आणि डोळे धुऊन वाचलं. वरच्या कोपऱ्यात मिती होती, रुपचंद शेठने वाचताना सोडलेली. तिने बोटांवर मोजलं. कार्ड शनिवारचं होतं. मंगळवारी रात्री गेलेला माणूस शुक्रवारी गूळ घेऊन गेला, यात खोटं काहीच नव्हतं. कार्ड खरं होतं. वनाही खरा होता. तिने कार्ड होतं तसं परत खोचलं आणि कामावर गेली.

दहाव्यानंतर, शनिवारी, वना पुन्हा आला.

या वेळी पायांत वहाणा होत्या. डोकं तुळतुळीत भादरलेलं होतं. धनसिंग पाटलांना मुलगा नव्हता. पुतण्या सुरतेच्या मिलमध्ये होता, तो वेळेत पोचला नाही. अग्नी वनाने दिला होता. अंगणाच्या कडेला तो तसाच थांबला, आत आला नाही. आबांनी त्याचं डोकं पाहिलं. आता विचारायचं काही राहिलं नव्हतं, तरी त्यांचे ओठ हलत होते.

काम त्या दिवशी बंद होतं, दगड संपले होते. ताईबाई दारात आली. वनाने काखेतलं फडकं सोडलं. आत गुळाची ढेप होती, एका बाजूने उन्हाने पाझरलेली.

"बापूनी आखाजीले लई ठेवेल व्हता," तो म्हणाला. "त्या दिनले दिवा लावालगून ठेवं आमी. तोंड झाकं नही. लोके म्हनेत, झाका आते. मी म्हनं, ताई येवाले पाहिजे."

ताईबाईने गूळ दोन्ही हातांनी घेतला. तिची उजवी बोटं त्याभोवती नीट वळली नाहीत. ती आत गेली, आणि मग आतून जो आवाज आला, तो तीन वर्षांपूर्वी गल्लीने ऐकलेला होता. या वेळी कोणी हसलं नाही. यशोदाबाई धावत आत गेली. पंडित ओट्याचा खांब धरून उभा राहिला.

अंगणात आबा आणि वना दोघेच उरले.

"वना," ते म्हणाले, "एक सांग. तू खरी बातमी लई उन्हा व्हता. रीत तुले ठाऊक व्हती. मंग त्या दिनले पानी कसाले पिधं?"

वनाने प्रश्न नीट समजून घ्यायचा प्रयत्न केला. त्यात काहीतरी खोल असावं, असं त्याला वाटलं असावं.

"तहान लागेल व्हती, आबा," तो म्हणाला.

धुळ्यापासून नांदवण आठ कोस आहे. त्या साली वाटेत पाणी नव्हतं.